उबळलेली तूर

“खालची तूर उबळली बग. सुट्टीला येशील तवा पाहून जा. तुझंच शिक्षण हाय ते.”

आबांचा फोन एवढाच. उबळली म्हणजे उभ्या उभ्या माना टाकल्या. 2021 चा ऑक्टोबर लागला होता. आठवडाभरापूर्वीच गुलाब चक्रीवादळाच्या उरल्यासुरल्या ढगांनी मराठवाडा धुऊन काढला होता. ओढ्याकडच्या आमच्या रानात दोन दिवस गुडघाभर पाणी उभं होतं, त्याचा व्हिडिओ आबांनीच मला पाठवला होता. तरी मी फोनवर काय म्हणावं? “आबा, ती मर असणार. फुलाच्या वक्ताला तीच येते.”

मी एम.एस्सी. कृषीच्या दुसऱ्या वर्षाला होते. विषय वनस्पती रोगशास्त्र, प्रबंध तुरीच्या मर रोगावर. कावीळ झालेल्याला सगळं पिवळं दिसतं म्हणतात, तशी मला तेव्हा सगळीकडं मर दिसत होती.

आमचं गाव सेलू तालुक्यात. रान तीन एकर. वरचा तुकडा बरड, मुरमाड. खालचा काळा, भारी, मधे जरा खोलगट. दोन्हीकडं तूर होती, बी घरचंच, किती वर्षांचं ते आबांनाही सांगता येणार नाही. शनिवारी गेले. वरच्या बांधालाच एक झाड सापडलं, अगदी पुस्तकातल्यासारखं: अर्धी बाजू हिरवी, अर्धी वाळलेली. बुंध्यापासून वर चढत गेलेला जांभळट पट्टा. विळ्याच्या टोकानं साल सोलली तर आतल्या लाकडात काळपट-तपकिरी रेघा, शिसपेन्सिलीनं ओढल्यासारख्या. जमिनीतली बुरशी मुळातून शिरते आणि झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्याच बुजवून टाकते, त्या ह्या रेघा. खाली ओल असते, वर झाड तहानेनं मरतं.

मला एवढा आनंद झाला की सांगायची सोय नाही. बाप मागं उभा, त्याचं पीक गेलेलं, आणि मी मोबाईलवर खोडाचे फोटो काढतेय. आबा काही बोलले नाहीत. मग मी खालच्या तुकड्यात गेले, मेलेली झाडं उपटली, मुळं झटकली, पिशव्या भरल्या. साल एकाचीही सोलली नाही. वर पाहिलं होतं ना!

सगळे नमुने कॅरीबॅगमध्ये घालून वर गाठ मारली. रविवारी प्रवास. सोमवारी लॅब उघडल्यावर पिशव्या सोडल्या तर आत घाम सुटलेला, मुळं बुळबुळीत, वास असा की लॅबमधल्या मामांनी खिडक्या उघडल्या. प्रॅक्टिकलच्या वहीत मी स्वतःच्या अक्षरात लिहिलेलं होतं, नमुना कागदी पिशवीत आणावा. मॅडमनी एक नजर टाकली आणि म्हणाल्या, “परत जा.”

परत जाणं झालं ते दिवाळीत. तोवर एसटीचा संप सुरू झाला होता. काळी-पिवळीत सतरा माणसांत बसून, मांडीवर खाकी पाकिटांचा गठ्ठा धरून गेले. या खेपेला पाकिटावर तारीख, तुकडा, झाडाचा क्रमांक, सगळं शिस्तीत. ‘व’ म्हणजे वरचं रान, ‘ख’ म्हणजे खालचं. आणि त्याखाली, मोठ्या आत्मविश्वासानं, रोग: मर.

लॅबमधलं काम ज्यांनी केलं नाही त्यांना ते फार स्वच्छ, पांढऱ्या कोटातलं वाटतं. सुरुवात बटाटे सोलण्यापासून होते. 200 ग्रॅम बटाटा, 20 ग्रॅम डेक्स्ट्रोज, 20 ग्रॅम अगर, लिटरभर पाणी. बटाट्याच्या फोडी उकळायच्या, पाणी मलमलीतून गाळायचं, त्यात बाकीचं मिसळायचं. हे बुरशीचं जेवण. ऑटोक्लेव्ह म्हणजे मोठा प्रेशर कुकरच. 121 अंशाला वीस मिनिटं. मधेच लाईट गेली की पुन्हा पहिल्यापासून. आणि लाईट जायची. दोनदा तर मी अर्ध्या शिजलेल्या माध्यमाच्या फ्लास्कांसमोर अंधारात बसून होते. मामा म्हणाले, “ताई, घरी वरण असतं तर खाऊन तरी टाकलं असतं.”

मग लॅमिनार, म्हणजे गाळलेली स्वच्छ हवा सोडणारं काचेचं कपाट. अल्ट्राव्हायोलेट दिवा वीस मिनिटं, हात स्पिरिटनं पुसलेले, समोर दिव्याची ज्योत. खोडाचा जिथं काळा आणि पांढरा भाग भेटतो तिथले बारीक तुकडे घ्यायचे, तांदळाच्या कणीएवढे. पूर्ण काळा भाग घेतला तर त्यात नुसते मढ्यावरचे पाहुणे मिळतात, पूर्ण पांढरा घेतला तर काहीच नाही. तुकडे एक टक्का सोडियम हायपोक्लोराइटमध्ये मिनिटभर, मग तीन वेळा निर्जंतुक पाण्यात, मग टिपकागदावर, मग चिमट्यानं पेट्री प्लेटमध्ये. बोलायचं नाही, खोकायचं नाही. झाकण उघडायचं तेही चोरासारखं, एका बाजूनं, बोटभर.

चौथ्या दिवशी ‘व’ च्या प्लेटांत तुकड्यांभोवती पांढरा कापूस उगवला. सातव्या दिवसापर्यंत तो पसरला, मधून किंचित गुलाबी झाक आली. काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. विळ्याच्या पात्यासारखे, आडव्या पडद्यांनी कप्पे पडलेले बीजाणू, आणि टोकाशी जरा जास्तच वळलेले, आकड्यासारखे. हाच तो फ्युजॅरियम उडम. एडविन बटलर या आयरिश बुरशीतज्ज्ञानं बिहारातल्या पुसा इथल्या संस्थेत बसून तुरीच्या मरीवर काम केलं आणि 1910 मध्ये या बुरशीला नाव दिलं. शंभर वर्षांहून जुना शत्रू आणि आमच्या बांधावरून काळी-पिवळीत बसून आलेला. मी मामांनाही बोलावून दाखवलं. ते डोळा लावून बराच वेळ पाहत राहिले. म्हणाले, “एवढंसं व्हय?”

‘ख’ च्या प्लेटांत मात्र भलतंच चाललं होतं. एकीत रायझोपस या साध्या बुरशीच्या काळ्या टोकाच्या मिशा झाकणाला जाऊन टेकलेल्या. दोन प्लेटांत जिवाणूंचा बुळबुळीत थर. एकीत हिरवट ॲस्परजिलस, तीही तशीच बुरशी. फ्युजॅरियम उडम एकाही प्लेटीत नाही. मी गृहीत धरलं की माझा हात चुकला. पुन्हा बटाटे, पुन्हा लॅमिनार. जिवाणू येऊ नयेत म्हणून माध्यमात स्ट्रेप्टोमायसिन घातलं. पुन्हा तेच, फक्त बुळबुळ कमी. तिसऱ्यांदा केलं. रात्री हॉस्टेलवर रडूही आलं, खोटं कशाला बोलू. सोबतच्या पोरीनं सल्ला दिला, “वरच्याच प्लेटा दाखव की, कोणाला काय कळतंय?” तिचं चुकीचं होतं, पण क्षणभर ते मला पटलं होतं, हेही लिहायला हवं.

शेवटी मॅडमच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी प्लेटांकडं पाहिलंच नाही.

“लाकूड दाखव.”

“कशाचं, मॅडम?”

“‘ख’ चं. खोड उरलंय ना? साल काढ.”

पाकिटातलं खोड काढलं, ब्लेडनं साल सोलली. आत लाकूड फिक्कट, सारखं. एकही रेघ नाही. दुसरं सोललं. नाही. बुंध्यावर जांभळा पट्टा नाही. मुळांचीच साल हाताला सुटून येत होती, मोज्यासारखी, आत नुसता दोरा.

“हे बुडालेलं झाड आहे,” मॅडम म्हणाल्या. “मुळांना हवा मिळाली नाही, गुदमरली. कुजली ती नंतर. फायटोप्थोरा नावाच्या दुसऱ्या रोगजंतूचा करपा असता तर खोडावर खोलगट काळे चट्टे दिसले असते, झाड तिथूनच मोडलं असतं. तेही नाही. तू ‘मर’ लिहिलंस ते कधी, प्लेट बघून की पाकीट भरताना?”

पाकीट भरताना. उत्तर त्यांनाही ठाऊक होतं.

आमच्याकडं एक चांगला शब्द आहे, चिबड. रान चिबडलं, म्हणजे पाणी मुरेना, मातीला श्वास राहिला नाही. लहानपणापासून ऐकलेला. पण प्रबंधाच्या नादात तो मला एकदाही आठवला नाही. उबळली म्हणजे मर, हे दुकानदारही म्हणतो, मीही म्हणत होते. उबळणं हे फक्त दिसणं आहे. झाड माना टाकतं, बस्स. का टाकतं ते शब्दात नाही.

इथून पुढं मॅडमनी मला सोडलं नाही. ‘व’ मधून बुरशी मिळाली म्हणून तीच दोषी हे कशावरून? मढ्यावर माश्या असतात म्हणून माश्यांनी मारलं म्हणायचं का? त्यासाठी रॉबर्ट कॉख या जर्मन जिवाणूशास्त्रज्ञाच्या अटी. रोगट झाडातून बुरशी वेगळी करा, शुद्ध वाढवा, निरोगी झाडाला द्या, त्याला तोच रोग आला पाहिजे, आणि त्या झाडातून पुन्हा तीच बुरशी निघाली पाहिजे. वर्गात या अटी मी पाठ म्हणून दाखवल्या होत्या. करायला घेतल्यावर त्यात अडीच महिने गेले.

बुरशी पोत्यानं वाढवायची तर ती कशावर वाढवतात? ज्वारीवर. दाणे रात्रभर भिजत घालायचे, अर्धवट शिजवायचे, फ्लास्कमध्ये भरून दोनदा निर्जंतुक करायचे आणि वर बुरशीचा तुकडा सोडायचा. पंधरा दिवसांत दाण्यांना पांढरी लव येते. हे मी फोनवर सांगितलं तर आबा हसायलाच लागले. “अगं, ज्वारी मधी घातली की तूर उबळत न्हाई म्हणून आमच्या बापानं तासं टाकली. अन् तू तिला ज्वारी चारती?”

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. ज्वारीचं आंतरपीक किंवा ज्वारीची फेरपालट असली की मर कमी येते, हे हैदराबादजवळ पटांचेरूला इक्रिसॅट या कोरडवाहू पिकांच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेच्या शेतावरच्या प्रयोगांतही दिसलेलं आहे. जिवंत ज्वारीचं मूळ वेगळं आणि फ्लास्कमध्ये शिजलेला दाणा वेगळा, असं मी त्यांना समजावलं. पण त्या पांढऱ्या लव आलेल्या दाण्यांकडं बघताना मलाही कसंतरीच व्हायचं. हुरड्याचे दिवस होते.

कुंड्यांत निर्जंतुक माती, त्यात हे दाणे, त्यावर मरीला हमखास बळी पडणारं बी. शेजारी तितक्याच कुंड्या बुरशीविना. रोज सकाळी जाऊन रोपं वाकून बघायची. जगण्यासाठी नव्हे, कधी मरतात म्हणून. तिसऱ्या आठवड्यात पहिल्या रोपानं मान टाकली तेव्हा मी मैत्रिणीला मेसेज केला, “एक मेलं!!” आणि मागोमाग हसणारी तोंडं. तो मेसेज नंतर वाचला तर कुणाच्या मयतीचा वाटावा. बुरशीविना कुंड्या शेवटपर्यंत हिरव्या राहिल्या. मेलेल्या रोपांतून पुन्हा प्लेटा लावल्या आणि पुन्हा तोच आकड्यासारखा बीजाणू दिसला.

याच काळात मधे एकदा बदनापूरला जाऊन आलो. जालना जिल्ह्यातलं हे कृषी संशोधन केंद्र परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं. तुरीच्या बियाण्याच्या पिशवीवर ‘बीडीएन’ दिसतं ते बदनापूरवरून. ‘बीएसएमआर 736’ मधल्या बीएसएमआरचा अर्थ बदनापूरचं, वांझ रोगाला दाद न देणारं वाण. आमच्या गावात निम्मे लोक ते नाव घेतात आणि कुणालाच हे माहीत नाही. मलाही तिथं जाईपर्यंत नव्हतं.

तिथं सिक प्लॉट पाहिला. रोगाचं राखलेलं रान. दुसरे शेतकरी मेलेली झाडं उपटून जाळतात; इथं ती बारीक करून मातीत गाडतात, दरवर्षी, मुद्दाम, मातीत मर टिकून राहावी म्हणून. त्यात नव्या वाणांच्या ओळी, आणि थोड्या थोड्या ओळींनंतर आयसीपी 2376 ची एक ओळ. हे वाण मरण्यासाठीच पेरतात. ती ओळ पुरती वाळली तर माती खरी. तिच्या शेजारी जे वाण हिरवं उभं राहिलं त्याला गुण. आयसीपीची ओळच जगली तर त्या वर्षीचे सगळे गुण रद्द. डिसेंबरच्या उन्हात ती वाळलेली तांबडी ओळ आणि दोन्ही बाजूंनी शेंगांनी लगडलेली हिरवी झाडं. असं रान मी जन्मात पाहिलं नव्हतं. आबांना आणायला हवं होतं असं सारखं वाटत राहिलं.

वांझ रोगाची तपासणी त्याहून गमतीची. हा रोग विषाणूचा, डोळ्याला न दिसणाऱ्या कोळी किडींमधून पसरतो. झाड हिरवं, दाट, पण फूल नाही, शेंग नाही. नव्या वाणाला तो लावायचा कसा? रोगट झाडाचं पान घ्यायचं, कोवळ्या रोपाच्या पानावर ठेवायचं आणि चक्क स्टेपलर मारायचा. ऑफिसातला साधा स्टेपलर. रोगट पान वाळत गेलं की कोळी उपाशी पडून नव्या पानावर उतरतात. आम्हाला एकेक स्टेपलर दिला. अर्धा दिवस पानांना टाचण्या मारत होतो. रस्त्यानं जाणारे दोघं मोटारसायकल थांबवून बघत उभे राहिले आणि बऱ्याच वेळानं त्यातल्या एकानं विचारलं, “मॅडम, फाटलं का पान?”

संक्रांतीला घरी गेले ती मनात भाषण जुळवूनच. वरच्या तुकड्यात मर आहे, खालच्यात नाही, खालची तूर पाण्यानं गेली. दोन्हीकडचा इलाज वेगळा. आबा ओसरीवर सुतळी वळत बसले होते. सगळं ऐकून घेतलं.

“म्हंजी खालची पाण्यानं मेली.”

“हो.”

“ते तर मला ठावं व्हतं. दोन दिवस पाणी हुबं व्हतं रानात, मी काय आंधळा हाय? पर दुकानदार म्हणला मर. तू बी म्हणली मर. म्हणलं, शिकली-सवरली लेक म्हणती तर असंल.” थोडं थांबून, “औषध वतलं मग. बुंध्याला. समद्या खालच्या तुकड्याला.”

ते त्यांनी मला सांगितलंच नव्हतं. बुरशीनाशकाचे पैसे किती गेले ते मी विचारलं. त्यांनी सांगितलं नाही. आईनं नंतर स्वयंपाकघरात हळूच सांगितला तो आकडा इथं लिहीत नाही. माझ्या महिन्याच्या मेसच्या बिलापेक्षा मोठा होता. कुजलेल्या मुळांवर औषध. आणि ते ज्या एका वाक्यावर ओतलं, ते फोनवरून, खोड न सोलता, मी बोललेलं. प्लेटा बिघडल्या तर पुन्हा लावता येतात. मी तिथंच चुलीसमोर बसून राहिले. आई म्हणाली, “जाऊ दे माय, तिळगूळ खा.”

पुढच्या हंगामाला मात्र आम्ही दोघांनी मिळून बसून ठरवलं. वरच्या तुकड्यात तूर नाही, निदान तीन वर्षं; ही बुरशी मेलेल्या धसकटांवर साधारण तितकी वर्षं दम धरून राहते. तिथं ज्वारी. धसकटं वेचून काढायची. खाली तूर घ्यायची तर सपाट पेरायची नाही. रुंद वरंबा, सरी, आणि मधल्या खोलगट भागातून ओढ्याला मिळणारा चर. बी बदलायचं. मी बीडीएन 711 म्हटलं. पांढरी, लवकर निघणारी, मरीला बऱ्यापैकी तग धरणारी. आबांना लाल तूर हवी होती, वरणाला चव तिलाच म्हणे. बरीच वादावादी झाली. शेवटी निम्मी-निम्मी, लाल म्हणून बीडीएन 716. पेरणीआधी बियाण्याला ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगाच्या बुरशीला आवर घालणारी उपयोगी बुरशी, चोळायला मी स्वतः गेले. या खेपेला जिथं लागतं तिथंच. चराचं काम आबांनी एकट्यानं केलं, मे महिन्यात, सकाळी सहा ते नऊ.

प्रबंधात ‘ख’ च्या नमुन्यांचं काय करायचं, हा प्रश्न होता. काढून टाकले तर तक्ता सुबक दिसत होता. मॅडम म्हणाल्या, “ठेव.” एक ओळ आहे आता तिथं: बुरशी मिळाली नाही, झाडं पाणथळीनं मेलेली. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी बाकी साठ पानं सोडून नेमकी तीच ओळ विचारली.

त्यानंतरच्या दिवाळीला घरी गेले तर ओसरीच्या कडेला चार खोडं मांडून ठेवलेली. हातभर लांब, बुंध्याकडून छाटलेली, साल तशीच. शेजारी विळा.

“यातली मर कोणती, सांग,” आबा म्हणाले.

“कुठल्या रानातली आहेत?”

“ते सांगणार न्हाई.”

मी पिशवी खाली ठेवली, चप्पल काढली आणि विळा घेऊन पहिलं खोड सोलायला बसले.